हापशापासून अहवालापर्यंत: अल्पांश धातूंच्या मापनातील अनिश्चितता कशी काढावी

गावातल्या हापशाच्या पाण्यात शिसे ९.२ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आहे, असा अहवाल ग्रामपंचायतीच्या हाती पडतो. आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील शिशाची मर्यादा १० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर असल्यामुळे पाणी योग्य ठरते आणि कागद फायलीत जातो. मात्र खरे मूल्य ९ ते ९.४ च्या दरम्यान असावे, की ते ७ ते ११.५ मध्ये कुठेही असू शकते, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. पहिल्या परिस्थितीत ग्रामपंचायत निश्चिंत राहू शकते, दुसऱ्या परिस्थितीत तसे म्हणता येत नाही. मोजलेल्या मूल्याभोवतीचा हा पट्टा म्हणजेच मापनातील अनिश्चितता. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीतील कलम ७.६ नुसार अनिश्चिततेतील घटक ओळखणे आवश्यक आहे, आणि नमुना घेण्यातून येणारे घटकही त्यात धरावेत असे ते कलम स्पष्टपणे सांगते. व्यवहारात मात्र बहुतेक गणिते प्रयोगशाळेच्या दाराशी सुरू होतात आणि तिथेच संपतात.

जिल्हा किंवा उपविभागीय पाणी तपासणी प्रयोगशाळेत, कृषी विद्यापीठात किंवा महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात ग्राफाइट फर्नेस अथवा आयसीपी यंत्रावर (दोन्ही अतिसूक्ष्म प्रमाणातील धातू मोजणारी यंत्रे) काम करणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. ग्रामीण विदर्भातील नमुन्यांच्या बाबतीत अनिश्चिततेचा मोठा वाटा बहुधा यंत्रात नसून हापशावर, बाटलीत आणि बांधावर असतो, अशी माझी धारणा आहे. म्हणून पुढील मांडणीतही तिथल्या कामाला अधिक जागा दिली आहे.

नेमके काय मोजायचे आहे

गणिताला हात घालण्यापूर्वी, मोजायची राशी एका वाक्यात लिहून काढावी. ‘हापशाच्या पाण्यातील शिसे’ हे वाक्य अपुरे आहे. इंडिया मार्क दोन प्रकारच्या हापशाला जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ असतात आणि सिलिंडरच्या आत पितळेचे अस्तर असते. रात्रभर नळात उभ्या राहिलेल्या पाण्यात जस्त, लोह आणि काही वेळा शिसेही उतरते. पहाटे पहिली घागर भरणारी बाई जे पाणी नेते ते या नळातले, आणि दहा-पंधरा मिनिटांनी येणारे पाणी भूस्तरातले. दोन्ही मोजमापे योग्यच आहेत, परंतु ती दोन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. भूजलाचा अभ्यास असेल, तर नळातील साचलेले पाणी पूर्ण काढून टाकावे. बत्तीस मिलिमीटर नाममात्र व्यासाच्या नळात दर मीटरला सुमारे एक लिटर पाणी मावते, म्हणजे चाळीस मीटर नळ असेल तर निदान चाळीस लिटर पाणी उपसल्यावरच बाटली भरावी. लोकांच्या पोटात काय जाते हे पाहायचे असेल, तर उपसा न करता सकाळचे पहिले पाणी घ्यावे आणि तसे नोंदवावे. हे ठरवले नाही, तर एक जलसुरक्षक (गावात पाण्याचे नमुने घेणारा कार्यकर्ता) एक प्रकारचे पाणी आणतो आणि दुसरा दुसऱ्या प्रकारचे. मग त्या दोघांतील फरक अनिश्चितता म्हणून आपल्या गळ्यात पडतो, वास्तविक तो आपल्याच सूचनेतील ढिलाईचा असतो.

‘विरघळलेला’ धातू हवा की ‘एकूण’, हेही याच वाक्यात यायला हवे. विरघळलेला धातू मोजायचा असल्यास पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळण पडद्यातून गाळून मगच आम्ल घालावे. क्रम उलटला, तर आम्ल गढूळ पाण्यातील मातीच्या कणांवर काम करते आणि त्यातून सुटलेले लोह, ॲल्युमिनियम, शिसे विरघळलेले म्हणून मोजले जाते. पावसाळ्यात काळ्या मातीचा गाळ असलेल्या विहिरीच्या पाण्यात ही चूक इतकी मोठी ठरू शकते, की तिच्यापुढे कॅलिब्रेशनची (ज्ञात द्रावणांवरून यंत्राचे माप ठरवण्याची) अनिश्चितता मोजण्यात अर्थ उरत नाही. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतील मँगनीज पट्ट्यात, म्हणजे मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग या परिसरात, गाळणे नमुन्याच्या जागीच व्हावे. जमिनीखाली प्राणवायूच्या अभावी विरघळलेले लोह व मँगनीज हवा लागताच अविद्राव्य होऊ लागते. त्यातही लोह लवकर खाली बसते आणि आर्सेनिकसारखे घटक सोबत घेऊन बसते. अशी बाटली प्रयोगशाळेत येईपर्यंत तळाशी तांबूस थर जमलेला असतो.

बाटली, आम्ल आणि कोरा नमुना

जाड पॉलिथिनच्या बाटल्या दहा टक्के नायट्रिक आम्लात चोवीस तास ठेवून, अतिशुद्ध पाण्याने धुऊन, झाकण लावून न्याव्यात. गावात मिळेल ती शीतपेयाची बाटली विसळून वापरणे या कामात चालत नाही. नमुन्याला सामू २ च्या खाली येईल इतके संहत नायट्रिक आम्ल घालतात. सर्वसाधारणपणे लिटरला दोन मिलिलीटर पुरते, परंतु खारपाणपट्ट्यातील (पूर्णा खोऱ्यातील खाऱ्या भूजलाच्या भागातील) पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असल्यामुळे तेवढे आम्ल त्यातच खर्ची पडू शकते. म्हणून ठरलेले थेंब मोजून न थांबता सामू-पट्टीने खात्री करावी. सामू वर राहिला तर धातू बाटलीच्या भिंतींना चिकटतात आणि आकडा कमी येतो, आणि हे नुकसान कुठल्याही नियंत्रण तक्त्यावर (ज्ञात नमुना पुन्हा पुन्हा मोजून ठेवलेल्या नोंदीवर) दिसत नाही. आम्ल घातल्यावर मात्र वेळेची फारशी चिंता राहत नाही. धारणी किंवा चिखलदऱ्याच्या आतल्या गावातून अमरावतीपर्यंत नमुना यायला दिवस गेला तरी बिघडत नाही, कारण आम्लीकृत नमुन्यातील बहुतेक धातू सहा महिने टिकतात. पारा याला अपवाद आहे. त्याच्यासाठी काचेची किंवा फ्लुरोपॉलिमरची बाटली आणि अठ्ठावीस दिवसांची मर्यादा पाळावी.

प्रत्येक दौऱ्यात कोरा नमुना न्यावा. अतिशुद्ध पाण्याची एक बाटली हापशावर उघडावी, दुसऱ्या बाटलीत ओतावी, तेच आम्ल घालावे आणि इतर नमुन्यांसोबत परत आणावी. घुग्घुससारख्या कोळसा खाणींच्या गावात किंवा कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रांच्या परिसरात हवेतली धूळ आणि राख किती भर घालते, हे या एका बाटलीवरून कळते. कोऱ्या नमुन्यांच्या सरासरीइतकेच त्यांच्या विचलनालाही महत्त्व आहे, कारण सरासरी वजा करता येते, विचलन मात्र अनिश्चिततेत जमा होते.

प्रयोगशाळेतील वाटा

प्रयोगशाळेतील अनिश्चितता काढण्याच्या दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेत प्रत्येक पायरीची, म्हणजे प्रमाण द्रावण (ज्ञात संहतीचे द्रावण), पिपेट, फ्लास्क, कॅलिब्रेशन रेषा आणि पुनरावृत्ती यांची, अनिश्चितता वेगवेगळी काढून एकत्र करतात. वारंवार मोजून मिळालेले प्रमाण विचलन थेट वापरता येते. प्रमाणपत्रावर के = २ ने, म्हणजे प्रमाण विचलनाच्या दुप्पट करून, दिलेली अनिश्चितता २ ने भागावी, आणि काचसामानाची सहनमर्यादा √३ ने भागावी. उदाहरणार्थ, १००० ± ४ मिलिग्रॅम प्रतिलिटर अशा प्रमाण द्रावणाची सापेक्ष प्रमाण अनिश्चितता ०.२ टक्के, तर अ वर्गाच्या १०० मिलिलीटर फ्लास्कच्या ±०.१ मिलिलीटर मर्यादेची जेमतेम ०.०६ टक्के निघते. हे आकडे पाहिले की काचेवर फार विचार करण्याचे कारण नाही हे ध्यानात येते. एक स्थानिक अपवाद मात्र सांगायला हवा. फ्लास्कवरची खूण २० अंश सेल्सिअससाठी असते, आणि पाणी २० वरून ४० अंशांवर गेले की सुमारे ०.६ टक्के प्रसरण पावते. मे महिन्यात वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत हा परिणाम फ्लास्कच्या सहनमर्यादेच्या कितीतरी पट होतो. प्रमाण द्रावणे आणि नमुने एकाच तापमानाला बनवले तर तो बव्हंशी एकमेकांत रद्द होतो. सकाळी गार खोलीत प्रमाण द्रावणे आणि दुपारी वीज गेल्यावर नमुने, असे केले तर होत नाही. वीज परत आल्यानंतर यंत्र स्थिरावू द्यावे आणि दर दहा नमुन्यांमागे एक तपासणी द्रावण चालवावे.

दुसरी वाट नेहमीच्या प्रयोगशाळेला अधिक सोयीची आहे आणि मी तीच सुचवेन. यात दोनच गोष्टी लागतात: प्रयोगशाळेच्या आतील दीर्घकालीन पुनरुत्पादकता (वेगवेगळ्या दिवशीचे निकाल किती जुळतात) आणि कल (निकाल खऱ्या मूल्यापेक्षा सतत किती कमी-जास्त येतो). पहिली नियंत्रण तक्त्यावरून मिळते. निरनिराळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांनी, नव्याने बनवलेल्या प्रमाण द्रावणांवर मोजलेल्या नियंत्रण नमुन्याचे सापेक्ष प्रमाण विचलन घ्यावे. त्यात पिपेट, फ्लास्क, कॅलिब्रेशन हे सारे आपोआप आलेले असते, त्यामुळे ते पुन्हा वेगळे मिळवू नये. दुसरी गोष्ट प्रमाणित संदर्भ पदार्थावरून, म्हणजे धातूचे प्रमाण प्रमाणपत्रासह दिलेल्या पदार्थावरून, मिळते.

समजा, शिशासाठी दीर्घकालीन विचलन ४.५ टक्के आहे. संदर्भ पदार्थ सहा वेळा मोजल्यावर सरासरी प्रमाणित मूल्यापेक्षा ३ टक्क्यांनी कमी आली, त्या सहा वाचनांचे विचलन ४ टक्के होते, आणि पदार्थाच्या प्रमाणित मूल्याची स्वतःची प्रमाण अनिश्चितता १.५ टक्के आहे. कलाचा घटक काढण्यासाठी ३ चा वर्ग, ४ भागिले √६ चा वर्ग आणि १.५ चा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे. उत्तर ३.७ टक्के येते. आता ४.५ आणि ३.७ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले की ५.८ टक्के ही एकत्रित प्रमाण अनिश्चितता मिळते. तिला २ ने गुणल्यास सुमारे ९५ टक्के विश्वासपातळीची विस्तारित अनिश्चितता सुमारे १२ टक्के होते. म्हणजे ९.२ चा आकडा ९.२ ± १.१ असा लिहावा लागतो आणि पट्ट्याचे वरचे टोक मर्यादेच्या पलीकडे, १०.३ वर जाते.

आलेला आकडा विश्वसनीय वाटतो का, हे पाहण्यासाठी हॉर्विट्झचे सूत्र उपयोगी पडते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांच्या निकालांतील अपेक्षित विचलन त्या सूत्रानुसार दहा लाखात एक भाग संहतीला १६ टक्के आणि अब्जात दहा भाग संहतीला ३२ टक्के असते. थॉम्पसनने नंतर सुचवलेल्या सुधारणेनुसार अब्जात सुमारे १२० भागांच्या खाली ते २२ टक्क्यांवर स्थिर धरतात. एका प्रयोगशाळेचा आकडा याहून लहान असणे स्वाभाविक आहे. परंतु अब्जात दहा भाग मोजताना कोणी एक टक्का अनिश्चितता दाखवत असेल, तर त्याने बहुतेक एकाच द्रावणाची तीन सलग वाचने घेतलेली असतात.

आठ हापसे, सोळा बाटल्या

वरच्या गणितात हापसा अजून आलेलाच नाही. नमुना घेण्याची अनिश्चितता काढण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे दुहेरी नमुने. परिसरातील निदान आठ हापसे निवडावेत आणि प्रत्येकावर दोन बाटल्या घ्याव्यात. मात्र दुसरी बाटली पहिलीच्या पाठोपाठ भरू नये. दुसऱ्या बाटलीसाठी संपूर्ण कृती नव्याने करावी: शक्य असल्यास दुसऱ्या जलसुरक्षकाने, वेगळ्या वेळी, तीच लेखी सूचना वाचून, नव्याने उपसा करून, नव्याने गाळून. पाठोपाठ भरलेल्या दोन बाटल्या नेहमीच जुळतात आणि त्यांचे जुळणे काहीच सिद्ध करत नाही.

प्रत्येक हापशाच्या दोन निकालांतील फरकाला त्यांच्या सरासरीने भागून टक्केवारी काढावी आणि आठही टक्केवाऱ्यांची सरासरी घ्यावी. समजा ती १४ आली. जोडीच्या फरकावरून प्रमाण विचलन काढण्यासाठी १.१२८ ने भागावे, म्हणजे १२.४ टक्के मिळतात. यात विश्लेषणाची पुनरावृत्तीही मिसळलेली आहे. ती ३ टक्के असेल तर १२.४ च्या वर्गातून ३ चा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्यावे. नमुना घेण्याचा स्वतःचा वाटा १२ टक्के उरतो. तो प्रयोगशाळेच्या ५.८ टक्क्यांशी वर्गांच्या बेरजेने जोडल्यास १३.३ टक्के, आणि दुप्पट केल्यास सुमारे २७ टक्के. आता तोच निकाल ९.२ ± २.५ असा होतो.

पुढे पैसा आणि वेळ कुठे घालायचा, हे याच आकड्यांवरून ठरते. नवे यंत्र घेऊन प्रयोगशाळेचा वाटा निम्मा, म्हणजे २.९ टक्के केला, तरी एकूण विस्तारित अनिश्चितता २.५ वरून फक्त २.३ वर येते. त्याऐवजी जुन्याच यंत्रावर त्याच हापशाच्या चार स्वतंत्र नमुन्यांची सरासरी घेतली, तर नमुन्याचा वाटा √४ ने भागला जाऊन ६ टक्के होतो आणि विस्तारित अनिश्चितता सुमारे १७ टक्के, म्हणजे १.५ वर उतरते. चार बाटल्या आणि थोडे आम्ल यांचा खर्च यंत्राच्या खर्चापुढे नगण्य आहे, तरीही प्रस्ताव बहुधा यंत्राचेच जातात.

खारपाणपट्ट्यातील आर्सेनिक

अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे भूजल क्षारयुक्त आहे. आयसीपी-एमएस या अणूंच्या वस्तुमानावरून मोजणाऱ्या यंत्रावर आर्सेनिक ७५ या वस्तुमानाला मोजले जाते. यंत्रातील आर्गॉन वायूचा ४० वस्तुमानाचा अणू आणि पाण्यातील क्लोराइडचा ३५ वस्तुमानाचा अणू एकत्र आले की त्यांचेही वस्तुमान ७५ होते. परिणामी पाण्यात आर्सेनिक नसतानाही यंत्र आर्सेनिक दाखवते, आणि पाणी जितके खारे तितका हा आभास मोठा. आर्सेनिकची मर्यादाही १० मायक्रोग्रॅमच असल्यामुळे एखाद-दोन मायक्रोग्रॅमचा आभास निकाल फिरवू शकतो. पुनरावृत्तीने हा दोष सापडत नाही, कारण दहा वेळा मोजले तरी तोच आभास दहा वेळा येतो आणि विचलन सुरेख दिसते.

हेलियमची टक्करपेटी (असे जोडअणू हेलियम वायूच्या टकरींनी अडवणारा यंत्राचा भाग) वापरल्यास आभास पुष्कळ घटतो, परंतु उरलेला किती आहे हे स्वतः तपासावे. आर्सेनिकविरहित पाण्यात शुद्ध सोडियम क्लोराइड घालून क्लोराइड ५००, १००० आणि २००० मिलिग्रॅम प्रतिलिटर असलेली द्रावणे करावीत आणि ती नमुन्यांप्रमाणेच मोजावीत. नमुन्यांत आढळणाऱ्या क्लोराइडच्या पातळ्यांच्या टप्प्यात यंत्र ० ते ०.६ मायक्रोग्रॅम आर्सेनिक दाखवत असेल, तर निकालातून मधले मूल्य ०.३ वजा करावे आणि उरलेल्या ±०.३ ला √३ ने भागून ०.१७ मायक्रोग्रॅम हा घटक अनिश्चिततेत मिळवावा. प्रत्येक नमुन्याचे क्लोराइड वेगळे मोजलेले असेल तर वजावट त्यानुसार करता येते आणि घटक आणखी लहान होतो. क्लोराइडचे साधे अनुमापन आर्सेनिकचा निकाल सुधारते, म्हणून या पट्ट्यात ते टाळू नये. नमुने टिकवण्यासाठी किंवा पचनासाठी (आम्लात तापवून धातू सोडवण्यासाठी) हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये, हे ओघाने आलेच.

खाऱ्या पाण्याची दुसरी अडचण एकूण विरघळलेल्या क्षारांची आहे. लिटरला २००० मिलिग्रॅमच्या पुढे क्षार गेले की यंत्राच्या शंकूवर (नमुना आत जाण्याच्या बारीक छिद्राच्या भागावर) थर बसतो आणि संकेत हळूहळू घसरतो. नमुना दहा पट विरळ केला तर थर टळतो, पण कोऱ्या नमुन्याचे विचलनही निकालात दहा पट होऊन येते. म्हणून आवश्यक तेवढेच विरळ करावे, संकेतातील घसरण दुरुस्त करण्यासाठी अंतर्गत प्रमाण म्हणून ऱ्होडियम किंवा जर्मेनियम घालावे, आणि प्रत्येक गटातील निदान एका खाऱ्या नमुन्यात ज्ञात आर्सेनिक मिसळून किती परत मिळते ते पाहावे.

शोधमर्यादेजवळ

टक्केवारीचे गणित सर्व पातळ्यांवर, विशेषतः यंत्राला जेमतेम ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणाजवळ (शोधमर्यादेजवळ), सारखे लागू पडत नाही. कॅडमियमची मर्यादा ३ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर आहे, आणि एक मायक्रोग्रॅमच्या आसपास कोऱ्या नमुन्याची चलबिचलच वरचढ ठरते. तिथे एक स्थिर आणि एक प्रमाणबद्ध असे दोन घटक धरावेत. स्थिर घटक ०.१५ मायक्रोग्रॅम आणि प्रमाणबद्ध घटक ६ टक्के असेल, तर १० मायक्रोग्रॅमला प्रमाण अनिश्चितता ६.२ टक्के येते आणि १ मायक्रोग्रॅमला १६ टक्के. एकच टक्केवारी सगळीकडे छापणाऱ्या अहवालात लहान आकडे आहेत त्याहून पक्के दिसतात.

माती

मातीच्या बाबतीत जागेजागेचा फरक पाण्याहून मोठा असतो, पण रीत तीच राहते: आठ शेते, प्रत्येकी दोन स्वतंत्र मिश्र नमुने, आणि त्यांच्या फरकावरून गणित. उन्हाळ्यात काळ्या मातीला रुंद भेगा पडतात आणि वरचा थर त्यांत घरंगळतो. राखेचा परिणाम वरच्या थरात शोधायचा असेल तर भेगेपासून दूर आणि ठरावीक खोलीपर्यंतच माती घ्यावी. पाच सेंटीमीटर आणि पंधरा सेंटीमीटर खोलीचे आकडे एकमेकांशी तुलनीय नसतात. जस्ताचा मुलामा दिलेले घमेले वापरू नये, आणि लोखंडी फावड्याला लागलेली मातीची कड लाकडी पट्टीने खरवडून टाकावी. हवेत वाळवलेल्या काळ्या मातीतही ओल उरते, म्हणून एक भाग १०५ अंशांवर वाळवून निकाल कोरड्या वजनावर द्यावा. अम्लराजात (नायट्रिक व हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) सिलिकेटमधील सगळा धातू सुटत नाही, तेव्हा ‘एकूण’ हा शब्द न वापरता पचनाची पद्धत लिहावी. बेसॉल्टपासून बनलेल्या मातीत क्रोमियम, निकेल आणि तांबे मुळातच अधिक असते, त्यामुळे यवतमाळच्या काळ्या मातीची पार्श्वभूमी पूर्व विदर्भातील स्फटिकी खडकांवरच्या मातीवरून ठरवणे चुकीचे आहे. ती चूक कितीही बाटल्या वाढवल्याने भरून निघत नाही.

अहवाल आणि निर्णय

अनिश्चितता जास्तीत जास्त दोन सार्थ अंकांत लिहावी आणि मूल्य तितक्याच दशांशस्थळांपर्यंत द्यावे. अहवालातील ओळ अशी असावी: ‘एकूण शिसे, उपशानंतरचे पाणी, ९.२ ± २.५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर; विस्तारित अनिश्चितता, के = २, सुमारे ९५ टक्के विश्वासपातळी; नमुना घेण्याचा घटक समाविष्ट.’ नमुना ग्राहकाने स्वतः आणून दिला असेल तर शेवटचा शब्दप्रयोग ‘समाविष्ट नाही’ असा करावा, कारण जे पाहिले नाही त्याची हमी प्रयोगशाळेला देता येत नाही.

योग्य-अयोग्य असा शेरा द्यायचा असल्यास, आयएसओ १७०२५ च्या कलम ७.१.३ आणि ७.८.६ नुसार त्यामागचा निर्णयनियम आधीच ग्राहकाशी ठरलेला असावा आणि अहवालात नमूद असावा. पिण्याच्या पाण्यासाठी मूल्य अधिक अनिश्चितता ही बेरीज मर्यादेच्या आत असेल तरच ‘योग्य’ म्हणावे, असा नियम मला रास्त वाटतो. त्या नियमाने ९.२ ± २.५ हे पाणी ‘योग्य’ ठरत नाही आणि ‘अयोग्य’ही सिद्ध होत नाही. अशा वेळी ग्रामपंचायतीला ‘निर्णयासाठी आणखी तीन स्वतंत्र नमुने आवश्यक’ असे स्पष्ट मराठीत लिहून कळवावे, आणि तोवर पिण्यासाठी गावातील दुसरा तपासलेला स्रोत सुचवावा. चार नमुन्यांची सरासरी ८.३ आली तर १७ टक्क्यांनी तिची अनिश्चितता १.४ होते, बेरीज ९.७ भरते, आणि मग ‘योग्य’ हा शब्द लिहिता येतो. आठ हापशांचे गणित पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा असे वेगवेगळे करावे, कारण पाण्याची पातळी उतरली की गढूळपणा आणि क्षार दोन्ही बदलतात, आणि ऑक्टोबरमध्ये काढलेला १२ टक्क्यांचा आकडा उन्हाळ्यातील अहवालांवर लावता येत नाही.